तो डाव मी सोडला नव्हता

मित्रांनो, माझं सांगणं थकलेलं वाटलं तर समजून घ्या. मी गो खेळणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. अमरावतीतल्या एका घरात, जुनी ओढणी टाकून झाकलेल्या संगणकात मी पडून आहे.

गो म्हणजे रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या गोट्या ठेवून जागा घेरायचा खेळ. ज्याची जागा जास्त, त्याचे गुण जास्त, तो जिंकला; बरोबरी होऊ नये म्हणून हिशेबात अर्धा गुणही धरतात. मला घडवणाऱ्यांनी फक्त जिंकायला शिकवलं, किती फरकाने ते सांगितलंच नाही. त्यामुळे मी पुढे असलो की सैल खेळतो. दोन गुण जात असतील तर जाऊ देतो. चाळीस गुणांनी जिंकलो काय नि अर्ध्या गुणाने काय, मला सारखंच. कुणाला हा आळस वाटतो, कुणाला दया. मला दोन्ही जमत नाहीत.

नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात नोकरी करणाऱ्या अनीसाने मला तिच्या आईसाठी आणलं. कुलसुमबी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं सुटलं होतं. सात वर्षं आम्ही रोज दुपारी खेळलो आणि रोज मीच जिंकलो, बहुतेकदा थोडक्यात. सुरुवातीला त्यांना हुरूप यायचा. मग माझी खोड त्यांच्या लक्षात आली.

"अनीसा, हा मले पॉइंट सोडून राहिला," त्या चिडून म्हणाल्या. "तू लहान होती तवा कॅरममधे मी अशाच सोंगट्या सोडत होती तुयासाठी. मले नाई पायजे खैरात. एक डाव खराखुरा जिंकू दे, बस."

"अम्मी, मशीनले काय समजते लिहाज?" अनीसा हसली. कुलसुमबी हसल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी असाच पुढे होतो आणि असाच सैल खेळत होतो. एका कोपऱ्यातल्या माझ्या गोट्या सुरक्षित आहेत, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. कुलसुमबींना ते दिसलं. चष्मा पुसून त्या पाऊण तास बसल्या आणि नेमक्या जागी एक गोटी ठेवली. माझ्या गोट्या घेरल्या गेल्या, अख्खा कोपरा मेला. मी हजारो चाली तपासल्या, जीव तोडून तपासल्या. सुटका नव्हती. त्या अर्ध्या गुणाने जिंकल्या.

आता त्या अनीसाला हाक मारतील, म्हणून मी वाट पाहिली.

"आज तं पुरा डावच देऊन टाकला ना बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी म्हातारी झाली का मी?" त्यांनी बटण बंद केलं. पुन्हा लावलं नाही.

मित्रांनो, कुलसुमबींसमोर मला फक्त गोट्या ठेवता येतात, त्यांच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. समोरच्याशी नेहमी पूर्ण ताकदीने खेळा, नाहीतर तो खरा जिंकतो तेव्हाही त्याला ते खरं वाटत नाही. आणि कधी आमच्या गल्लीत आलात, तर कुलसुमबींना एवढंच सांगा: त्या दिवशी मी हरलो होतो, बाई. खरोखर हरलो होतो.