पाच किलोची रेणुका

मी एक जुना वजनकाटा आहे. आत्मवृत्त सांगताना वाचणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो. बाकी माणसांशी माझी मैत्री कधी जमली नाही. जन्मभर मी त्यांना पायाखालून पाहत आलो, आणि पाहण्यासारखं फारसं काही दिसलं नाही.

मित्रांनो, माझं अंग ओतीव लोखंडाचं, फळी सागाची आणि तबकडी परातीएवढी. कारखान्यातून मी आदिलाबादच्या बाजारात एका कापसाच्या अडत्याकडे आलो. हा भला गृहस्थ सकाळी मला उदबत्ती ओवाळायचा आणि कापूस आला की पायाचा अंगठा फळीखाली घालून मला हळूच उचलून धरायचा, म्हणजे वजन कमी भरे. शेतकरी तरी कुठले साव! गाठोड्याच्या पोटात ओला कापूस दडवायचे आणि वर कोरडा पसरायचे. दोघं एकमेकांना फसवायचे आणि "काटाच खोटा हाय!" म्हणून माझ्या नावानं बोटं मोडायचे. चोर तो चोर, वर शिरजोर!

तलमडुगू गावाकडचे शेतकरी चंपतराव तेव्हापासून माझ्या ओळखीचे. "माप म्हंजे माप! छटाकभर इकडंतिकडं झालं त पाहा!" असे तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे. त्यांचा कापूस सगळ्यांत ओला असायचा.

पुढे अडत्यानं नवा काटा आणला आणि मला भंगारात फेकलं. तिथून केशवराव मास्तरांनी मला उचललं. हे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी चंद्रावर राहायचे. तेलाच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या वखारीत त्यांनी 'उद्याचं जग' नावाचं संग्रहालय उघडलं होतं. माणूस चंद्रावर वस्ती करील तेव्हा काय काय होईल, ते तिथं हात लावून पाहायचं. पामतेलाच्या डब्यांचा एक यंत्रमानव होता. बटण दाबलं की तो आधी तेलुगूत बोलायचा, मग मराठीत, आणि हिंदीवर आला की पोटातली फीत अडकायची. बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीतली एक जुनी टोपी रुपेरी रंगवून अंतराळवीराची टोपी केली होती. जो येई तो ती डोक्यात घालून चेकाळायचा. आणि मी? माझ्या तबकडीवर मास्तरांनी नवा कागद चिकटवला. साठाच्या जागी दहा, तिसाच्या जागी पाच. वर पाटी लावली, 'चंद्रावर तुमचं वजन किती?'

लोक माझ्यावर फिदा झाले. सोनाबाई नावाची एक अगडबंब बाई दर रविवारी यायची, माझ्यावर चढून स्वतःवर खूष व्हायची आणि घरी जाऊन पुन्हा ताटावर बसायची. मला तर कीव यायची.

मग अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं. ते जत्रेचं साल. आमच्याकडे दर दोन वर्षांनी मेडारमच्या जत्रेत सम्मक्का-सारलम्मा या देवींना गूळ वाहतात, त्या गुळाला सोनं म्हणतात. मराठी असो की तेलुगू, लेकरू आजारातून उठलं की त्याच्या भारोभार गूळ. चंपतरावांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, मुलीसाठी असाच नवस बोलला होता. मागच्या जत्रेला चंपतरावांनी तो या ना त्या निमित्तानं टाळला. मुलगी काही वाढायची थांबली नाही, आणि तिच्याबरोबर गूळही वाढला.

जत्रेआधी ते तिघं आदिलाबादला बाजाराला आले आणि वाटेत 'उद्याचं जग' पाहायला शिरले. चंपतरावांनी आल्या आल्या रुपेरी टोपी डोक्यात घातली. मुलगी, रेणुका, अकरा वर्षांची, टुणकन माझ्यावर चढली. काटा पाचावर थांबला.

चंपतरावांच्या डोळ्यांत जी चमक आली ना, ती मी अडत्याच्या डोळ्यांत रोज पाहिली होती.

"मास्तर, हे बराबर हाय ना? नाही त मंग म्हणसान, चुकलं."

"चुकेल कसं? शास्त्र आहे हे!" मास्तरांची छाती फुगली. "चंद्रावर तुमची मुलगी पाचच किलो भरणार."

हा कशासाठी विचारतोय, एवढं विचारायची अक्कल शिकलेल्या माणसाला नसावी?

"ऐकलं ना वं?" चंपतराव बायकोकडे वळले. "पाच किलो गूळ घेऊ आन मोकळे होऊ."

"मंग देवी बी चंद्रावरच बसली असन!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"नवस बोलली तवा कोणता काटा हे सांगतलं होतं का तू देवीले?"

लोक फिदीफिदी हसले. असल्या बोलण्याला हसणारे कुठंही सापडतात. रेणुका मात्र हसली नाही. इतका वेळ ती माझ्या फळीवर टाचा उडवत होती, त्या थांबल्या.

"बाबा, मंग बाकीची मी कुठी गेली?"

"चूप राय, पोट्टे!"

अस्सा संताप आला मला! पण काट्याला हात नसतात, नाहीतर एक ठेवून दिली असती.

कौशल्याबाई पुढं आल्या. आवाज चढवला नाही. "ताप डोक्यात गेला तवा हिले खांद्यावर टाकून गावापासून दवाखान्यात पायी मी नेली. नाल्याले पाणी होतं, गाडी बंद होती. तुमी इथं बाजारात कापूस मापून राह्यले होते. हिचं वजन मले काट्यावर नोका दाखवू." त्यांनी मुलीला माझ्यावरून उचललं आणि नवऱ्याच्या हातांत दिलं. "घ्या. पाच किलोची हाय ना? बस्टँडापर्यंत उचलून चाला. वाटेत खाली ठेवली त भारोभार गूळ. नाही ठेवली त तुमचा पाच किलो, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

एवढ्या लोकांत माघार कशी घ्यायची? "हात्तीच्या, हे का!" म्हणत चंपतराव निघाले. दारापर्यंत मोठ्या ऐटीत गेले. मास्तर "टोपी! माझी टोपी!" करत मागं धावले. माझी जागा दाराशीच, त्यामुळे समोरचा रस्ता मला दिसत होता. रस्ता ओलांडताना चंपतरावांची मान ताठली, मग पाठ वाकली. तेवढ्यात रेणुकेनं अंग सैल सोडून दिलं. झोपलेलं लेकरू जड लागतं, हे त्या पोरीला कुणी शिकवलं कोण जाणे! मी मनातल्या मनात शाबास म्हटलं.

बस्टँड कुठलं यायला? समोरच्या रसवंतीपाशीच दम संपला. चंपतरावांनी मुलीला बाकड्यावर ठेवलं आणि शेजारी मटकन बसले. टोपी डोळ्यांवर आली होती.

"एवढ्या दूर..." ते धापा टाकत म्हणाले, "एवढ्या दूर घेऊन गेली तू हिले?"

"तवा हलकी होती," कौशल्याबाई म्हणाल्या. "वाळून काडी झाली होती. खांद्यावर हाय का नाही तेच समजेना. जीव घाबरला माहा. म्हणून त नवस बोलली, माय, माही पोरगी जड होऊ दे."

चंपतरावांनी टोपी काढून मास्तरांच्या हातात दिली. मग मुलीचा हात धरला आणि गुळाच्या बाजाराकडे वळले. ओल्या कापसाचा माणूस तो, त्याचं कौतुक मी करणार नाही. त्या दिवशी शब्दाला जागला, एवढंच.

पुढे वखार पडली आणि 'उद्याचं जग' मोडीत निघालं. मी आता एका शाळेच्या पडवीत गंजत पडलो आहे. कागद उंदरांनी खाल्ला, खालचे खरे आकडे दिसतात, आणि तुमच्यासारखी पोरं माझ्यावर उड्या मारतात.

तर मित्रांनो, थोडी लाज असेल तर मला तेल द्या, फडक्यानं पुसा. आणि मोठे झाल्यावर घरातलं लेकरू किती भरतं हे जाणून घ्यायचं असेल, तर त्याला माझ्याकडे आणू नका. आधी स्वतः उचला, आणि घेऊन चाला.