माझी शेवटची सोळा पानं

दुपारी घर चिडीचूप होतं, आणि एक बारीक आवाज झाला, चर्र. मित्रांनो, तो आवाज माझ्या अंगातून आला. मी एक जुनं पुस्तक आहे. त्या दिवसापासून माझा राग काही केल्या निवत नाही.

माझी गोष्ट मूळची रशियातली, दीडशे वर्षांपूर्वीची. बर्फातून गाडी हाकणारा एक गाडीवान आजारी पडतो आणि घरातलं कुणीच त्याला खरं सांगत नाही. छोटीशीच कादंबरी. कपाटातली जाडजूड भावंडं मला चिटोरं म्हणायची. पण ज्याने मला बांधलं, त्या बाइंडरने मला कमी लेखलं नाही. सोळा-सोळा पानांचे सात फर्मे त्याने दुमडले, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले, खळ लावून पाठीवर कापड चढवलं. माझं कव्हर जरा तिरकं बसलं, म्हणून मला घरीच ठेवून घेतलं. "तिरकं असलं तरी आपलं आहे," म्हणाला.

किती हातांतून फिरलं मी! शेजारी मागून न्यायचे आणि डोळे पुसत परत आणायचे. पुढे घरात कुणाला वाचायला सवड उरली नाही. डुगडुगत्या कपाटाखाली टेकू म्हणून मी नऊ वर्षं काढली. तोही अपमान मी गिळला.

यंदा बाइंडर अंथरुणाला खिळला, डोळेही अधू झाले. सुनेला म्हणाला, "सूनबाई, कपाटाखालचं ते काढ. रोज चार पानं वाचून दाखव." दूध तापेपर्यंत, धाकटं झोपेत असेपर्यंत ती वाचायची. सहा वर्षांची थोरली आजोबांच्या पायाशी बसून ऐकायची.

डॉक्टरांनी बाइंडरच्या मुलाला जे सांगितलं होतं, ते म्हाताऱ्यापासून सगळे लपवत होते. मुलाने माझा शेवट चाळून पाहिला आणि ब्लेड घेऊन आला.

"अहो, ते विचारतील ना," सून म्हणाली.

"संपलं म्हणून सांग. गाडीवान मेलेला ऐकून हाय खातील. त्यांना काय कळतंय आता?"

चर्र. सातवा फर्मा केराच्या टोपलीत गेला. माझ्या पाठीवर बाटलीतला गोंद थापला गेला.

दुसऱ्या दिवशी सुनेने सहाव्या फर्म्याची उरलेली चार पानं वाचली. "संपलं, बाबा."

"दे इकडे." म्हाताऱ्याचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला. एक, दोन... सहा. त्याने मला नाकाशी धरलं. "ही माझी खळ नाही. आणि माझे सात होते."

"जुनं झालंय बाबा, सुटलं असेल," मुलगा म्हणाला.

"माझी शिवण सुटत नाही. आणि कापायचंच होतं, तर हात तरी सरळ धरायचास. लहानपणापासून धसमुसळा तो धसमुसळाच." एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मित्रांनो, माझी पानं दुमडा, माझ्यावर चहा सांडा, मी कुरकुरणार नाही. पण ज्याने मला घडवलं त्यालाच फसवायला मला वापरलं, हे मी कसं विसरू? खरं सांगायची छाती नसेल तर गप्प बसा. आमचा गळा कापू नका.

मुलगा कामावर गेल्यावर सुनेने टोपलीतून माझी सोळा पानं काढली. ओच्यात घेऊन एकेक सरळ करत ती दाराआड उभी राहिली. आत जाईना, मागेही फिरेना.

थोरलीने तिचा पदर ओढला.

"आई, शेवट तुझ्याकडेच आहे ना? मग आजोबांना का देत नाहीस?"