चिंध्या उतरवणारा माणूस

"हात लावू नकोस त्याला, पोरा!" डेलिया हॅनली फाटकातूनच ओरडली. "ऐकतोयस ना? हात लावू नकोस!"

कोलमन गिल्हूली शिडीवर उभा होता. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात हॉथॉर्नची फांदी, आणि त्या फांदीला करकचून आवळलेली निळ्या नायलॉनची पट्टी. 'पोरा' म्हणवून घेण्याचं त्याचं वय केव्हाच उलटलं होतं, पण त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला मांडीवर घेऊन बसलेली बाई ती. तिच्यासमोर तो पोरच.

"काउन्सिलचा हुकूम आहे, डेलिया. मी काय हौसेनं चढलोय?"

"काउन्सिलचं काय जातंय? काउन्सिलला फुफ्फुसं आहेत का आतडी आहेत? दुखणं लागायला अंग लागतं. ते तुझ्याकडे आहे."

कोलमन हसला. मग शिडीचे पाय नीट रुतलेत ना, ते त्याने वाकून पाहिलं.

ब्रीडची विहीर म्हणायची ती नावाला. आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या त्या ओल्या कुरणाच्या कडेला गुडघाभर पाण्याचं एक दगडी कुंड, आणि त्यावर वाकलेलं हे काटेरी झाड. दुखतं त्या जागी पाण्यात बुडवलेलं फडकं फिरवायचं आणि झाडाला बांधायचं. फडकं कुजत जातं तसं दुखणं उतरत जातं. आणि कुजायच्या आत ते कुणी सोडलं, तर दुखणं सोडणाऱ्याला धरतं. हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. आगीत हात घालू नये हे जसं कळतं तसं हे कळतं.

पूर्वी लोक सुती, लोकरीची फडकी बांधत. दोन पावसाळी हिवाळ्यांत त्यांचा चोथा व्हायचा. आता लोक पॉलिएस्टर बांधतात, मुलांचे मोजे, बुटांच्या नाड्या, तोंडावरचे मास्क, गिटारच्या तारासुद्धा. त्यातलं काहीच कुजत नाही. कोवळ्या फांद्या जाड होत गेल्या आणि गाठी त्यांच्या सालीत रुतल्या. झाडांचा जाणकार येऊन सांगून गेला, की याचा गळा आवळला जातोय, असंच राहिलं तर फार दिवस काढणार नाही. म्हणून हुकूम निघाला: न कुजणारं सगळं उतरवायचं.

रविवारी जपमाळ घेऊन येणाऱ्या बायकांना ब्रीड म्हणजे संत ब्रिजिड, किल्डेअरच्या मठाची माता. डब्लिनहून डफ घेऊन येणाऱ्या बायकांना ती चर्चच्याही आधीची देवी, अग्नीची, कवितेची, बाळंतिणींची. दोन्ही गट कुंडापाशी एकमेकींना वळसा घालून जात. पण चिंधी सोडू नये यावर दोघींचं एकमत होतं. म्हणूनच हुकूम आला त्या सोमवारी फिंटनची पाठ धरली. फिंटन हा कोलमनचा जोडीदार. त्याची पाठ नेमकी अशाच सोमवारी धरत असे.

कोलमनला नाही म्हणता येत नव्हतं. रस्त्यातले खड्डे, गाड्यांखाली मेलेली जनावरं, गोठलेल्या जमिनीत खणायच्या कबरी, जे पुढ्यात येईल ते तो आयुष्यभर करत आला होता. या वेळी मात्र त्याच्याकडे कारण होतं आणि ते तोंडावाटे निघत नव्हतं. त्याची मुलगी क्लोडा पोटुशी होती. याआधीची तिची तीन बाळं पोटातच गेली होती. नवरा नॉर्वेत पवनचक्क्यांवर कामाला, म्हणून ती आईबापांकडे राहायला आली होती. जे काही अंगाला चिकटेल ते घेऊन कोलमन संध्याकाळी त्याच घरात जाणार होता.

"एक मिनिट थांबा, मिस्टर गिल्हूली. कापायच्या आधी फोटो घेते."

ही डॉक्टर एथना लॅव्हेल. औषधांची नव्हे, विद्यापीठातली डॉक्टर. कितीतरी वर्षं ती कुंडाच्या कठड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत होती. तुम्ही का येता, काय मागता, तिला काय म्हणून हाक मारता. ब्रीडवर तिने एक जाडजूड पुस्तकही लिहिलं होतं. उतरवलेलं प्रत्येक फडकं विद्यापीठात जपून ठेवायचं, कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, अशी अट तिनेच काउन्सिलकडून मंजूर करून घेतली होती.

"हे निळं एका—"

"सांगू नका," कोलमन घाईने म्हणाला. "डॉक्टरबाई, कुणाचं काय होतं ते मला सांगू नका. पाया पडतो."

तिने फोटो घेतला. कोलमनने डोळे मिटले आणि कात्री दाबली. पट्टी सुटली, त्याच्या मनगटावर ओली चापट मारून खाली पडली. ती जागा त्याने दिवसभर पँटला घासली.

दुपारी उशिरा तो झाडाच्या मागच्या बाजूला पोचला. खालच्या फांदीला बाईचा एक तपकिरी नायलॉनचा मोजा होता, उन्हापावसाने फिका पडलेला.

"तो राहू द्या," एथना एकदम म्हणाली.

"नायलॉन आहे हे."

"माहितीये मला." ती कॅमेऱ्याचं झाकण लावत होती आणि ते नीट बसत नव्हतं. "माझ्या आईचा आहे. तिच्या पायांना गाठी आल्या होत्या. मी आणून बांधला."

"मग? बरं वाटलं त्यांना?"

"नाही. गेली ती."

कोलमन शिडीवरून खाली उतरला. "मग आता तुम्हाला कसली भीती, बाई?" असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"ही फडकी न्यायची मलाच आहेत, आणि घरी माझ्या दोन मुली आहेत," ती म्हणाली. "मी लोकांना वर्गात सांगते की हा सगळा अर्थ माणसंच त्या कापडात घालतात. खरंच आहे ते. पण तो मोजा कुणी कापायला लागलं की मला ते बघवत नाही. हेही खरंच आहे." ती पुढे झाली. "द्या ती कात्री. हे तुमच्या माथी कशाला?"

तिने स्वतः कापला. कात्री दोनदा घसरली.

अंधारून येता येता कोलमनने गाडी घरापुढे आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता. क्लोडा ओट्याला टेकून टोस्ट खात होती, बशी पोटावर ठेवून. बशी हलली तशी ती हसली आणि आत कुणाला तरी हाक मारून दाखवायला लागली. कोलमनने उतरून फाटकाच्या कडीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग इंजिन पुन्हा चालू करून तो दलदलीच्या रस्त्याला लागला. तिथे त्याच्या वारलेल्या भावाचं जुनं कॅरॅव्हॅन, चाकांवरची एक खोली, उभं होतं.

"खोकला झालाय," त्याने बायकोला फोनवर सांगितलं. "क्लोडाला लागायला नको. चार दिवस इथेच राहतो."

"सकाळी तर ठणठणीत होतास," नोरीन म्हणाली.

"आता झालाय."

झाडाचं काम आठवडाभर चाललं. त्यानंतरही तो घरी गेला नाही. चिंध्यांची पोती कॅरॅव्हॅनखालीच होती, विद्यापीठात ठेवायला जागा तयार व्हायची होती. रोज सकाळी तो फुटक्या आरशात जीभ पाहायचा, मान चाचपायचा, बरगड्या दाबायचा. मानेत हाताला गाठ लागली, मग ती दुसऱ्या बाजूलाही लागली, तेव्हा ती उपजतच असावी. खोकल्याची थाप मारली होती तो खोकला खरोखरच झाला. एथना पोती न्यायला आली, तेव्हा डिसेंबरच्या गारठ्यातही गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवून गेली. कोलमनने ते पाहिलं आणि त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं.

गावाला विषय मिळाला. "नोरीननं हाकललं वाटतं?" पबमध्ये फिंटनने विचारलं. त्याची पाठ आता बरी होती. "का तिकडे दलदलीत एखादी देवी ठेवलीयस?"

"तू झाडावर चढ आणि मग बोल," कोलमन म्हणाला आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून बाहेर पडला.

नाताळाच्या आधीच, एका दुपारी नोरीनचा फोन आला. क्लोडाला कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायला अजून खूप अवकाश होता. अँब्युलन्स आली होती. "सरळ इस्पितळात ये," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

कोलमन गेला नाही. बूट चढवले, किल्ली घेतली, आणि बूट घालूनच पलंगाच्या कडेवर बसून राहिला. फोन वाजत राहिला. शेवटी संदेश आला: मुलगी झालीय, श्वासाला त्रास आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. ते वाचून त्याला हायसं वाटलं नाही. त्याला वाटलं, आपण गेलो नाही म्हणून ती अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅरॅव्हॅनचं दार न ठोठावता उघडलं गेलं. नोरीन आत आली. कोट कालचाच, डोळे सुजलेले.

"बोल. बाई आहे? दारू आहे? काय आहे ते एकदाचं बोल."

"जवळ येऊ नकोस."

"कोलमन!"

"मी ती फडकी काढली, नोरीन. सगळी. अख्ख्या परगण्याचं दुखणं या हातांनी उतरवलंय मी. कुणाकुणाला काय काय होतं देव जाणे. हे हात घेऊन मी त्या पोरीजवळ येऊ? तीन गेली आपली. तीन!"

नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नसावं. एवढे दिवस हा माणूस इथे एकटा बसून हे सोसत होता.

ती शेजारी बसली. त्याने हात पाठीमागे नेले. तिने ते ओढून पुढे घेतले, दोन्ही. भेगाळलेले, काट्यांनी ओरबाडलेले. आणि तिने ते आपल्या गालांवर दाबून धरले, मग कपाळावर, मग मानेवर. तो सोडवायला बघत होता, ती सोडत नव्हती.

"घे," ती म्हणाली. "आता मलाही लागलं. काल रात्रभर क्लोडाचा हात माझ्या हातात होता. आता तिच्याकडे मीही जायचं नाही. मग कोण जाणार? तिथे ती एकटी पडलीय. चल, नाहीतर सरक तरी, मला जागा दे इथे."

कोलमन रडला. असा की ते कॅरॅव्हॅन हलत होतं. मग उठला आणि कोट घातला.

इस्पितळात नर्सने त्याला कोपरापर्यंत हात धुवायला सांगितलं. तो धूत राहिला. "पुरे हो, मिस्टर गिल्हूली," ती शेवटी म्हणाली, "कातडी ठेवा थोडी." पेटीत होतं ते बाळ त्याच्या पंजाएवढं होतं. क्लोडा चाकांच्या खुर्चीत बसून होती. बापाकडे तिने पाहिलं, कुठे होतास म्हणून विचारलं नाही. "डॅडी, झोपलीय ती," एवढंच म्हणाली. "नाव ठेवलंय. ब्रीड." ते नाव ऐकून कोलमन दाराकडे वळला. पण पळून जायला आता कॅरॅव्हॅन नव्हतं, नोरीनने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली होती.

बाळ तगलं. जानेवारी संपता संपता घरी आलं, मांजरीसारखं बारीक रडत. एक फेब्रुवारीला, ब्रीडच्या दिवशी, विहिरीवर नेहमीसारखी गर्दी झाली. जपमाळवाल्या आल्या, डफवाल्या आल्या, डेलिया काठी टेकत आली. झाड मोकळं, ओकंबोकं दिसत होतं. शेजारी काउन्सिलची नवी पाटी होती: फक्त सुती किंवा लोकरीचं. क्लोडाही बाळाला शालीत गुंडाळून गेली होती. कोलमन कामाचं निमित्त काढून गावाबाहेरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि फिंटन आवराआवर करायला गेले. लोकांनी बहुतेक पाटीचं ऐकलं होतं. पांढऱ्या, पिवळ्या, लोकरीच्या पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या. फिंटन फाटकाशी मेणबत्त्यांची थोटकं गोळा करत होता. कोलमन झाडाला फेरी घालत होता आणि मागच्या बाजूला, खालच्या कोवळ्या फांदीला त्याला ते दिसलं. प्लॅस्टिकचा एक इवलासा पट्टा, इस्पितळात नवजात बाळाच्या पायाला बांधतात तसला. त्याच्या करंगळीतसुद्धा बसला नसता. त्यावर छापलेलं होतं: क्लोडाची मुलगी.

प्लॅस्टिक. कुजणारं नव्हतं.

"काय सापडलं रे?" फिंटनने तिकडून विचारलं. "प्लॅस्टिक-बिस्टिक असेल तर राहू दे, मी काढतो."

फिंटन असं म्हणाल्याचं यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. त्याला बहुतेक दया आली असावी.

"नको," कोलमन म्हणाला. "माझ्याकडेच असू दे."

त्याने कात्री काढली नाही. बोटांनी, नखांनी, फांदी न दुखवता गाठ सोडवली. वेळ लागला. पट्टा सुटला तेव्हा त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं, आणि दाताळं उचलून तो पानं गोळा करायला लागला.