दादाच्या खुर्चीचा चमकता पाय

मी खुर्ची. सागवानाची, रुंद हातांची, उंच पाठीची. आजवर सगळे माझ्यावर बसून बोलले, आज मी बोलते. मध्ये तोंड घालू नका.

माझा जन्म एका फिल्ममुळे झाला. गुंडाची फिल्म. नाव सांगत बसत नाही. आमच्या पवनीकडे तिला नुसतं 'दादावाली' म्हणतात अन् सगळ्यांना समजतं. त्यात तो दादा उंच खुर्चीत बसतो, खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक करतो अन् म्हणतो, "इस कुर्सी पे एक ही बैठेगा." झालं! माझा मालक यादोराव तेव्हा नवा नवरदेव. धान घरात आलं तसा वाढयाकडे, म्हणजे सुताराकडे गेला. "दादावालीत हाये तश्शीच पायजे," म्हणे. वाढयानंही फिल्म पाहिली होती. त्यानं माप विचारलं नाही, सरळ रंधा हाती घेतला.

तेव्हापासून जो येतो तो माझ्यावर बसतो, टकटक करतो अन् तेच वाक्य म्हणतो. सरपंच म्हणतो, गुरुजी म्हणतात, मिशी न फुटलेले म्हणतात. छाती फुगते, आवाज जाड होतो. ती फिल्म जुनी काहून होत नाही, ते मला विचारा. घरात बायको ऐकत नाही, तालुक्याला साहेब ऐकत नाही. माझ्यावर बसलं की घटकाभर सगळे ऐकतात. हसू येतं मला, पण राग नाही येत. बसा बापा, व्हा दादा.

एकटी आनंदाबाई कधी बसली नाही. यादोरावाची बायको. सासऱ्यासमोर, जेठासमोर, नवऱ्यासमोर बाईनं खुर्चीवर बसायचं नाही. सासरा गेला, जेठ गेला, रीत काही गेली नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, त्याही पाहुण्यांच्या. ती आपली खाली, पाटावर. धानाच्या रोवणीत वाकून वाकून तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं सांगितलं, आता खाली बसायचं नाही. ती घरी आली अन् पाटावर बसली. उठताना माझा पुढचा पाय मुठीत धरते, "आई गं" म्हणते अन् स्वतःला वर ओढते. यादोरावाच्या बोटानं माझा हात झिजला, तिच्या मुठीनं माझा पाय. ते लाकूड आता आरशासारखं चमकतं. कोणी पाहिलं नाही. खाली पाहतो कोण?

आता खरी गंमत ऐका. ती फिल्म टॉकीजला लागली तेव्हा गावाची शेवटची एसटी फिल्म सुटली की लगेच निघायची. म्हणून सगळे पुरुष शेवट सोडून पळायचे, खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरायला. बाया तेवढ्या शेवटपर्यंत बसायच्या. म्हणजे पूर्ण फिल्म गावातल्या बायांनीच पाहिली! आनंदाबाईनं एकदा शेवट सांगायला तोंड उघडलं, तर यादोराव हसला, "तुले काय समजते त्यातलं?" पुढे टीव्हीवर लागली, तरी वाक्य झालं की हा उठायचा. "पुढचं पायलं हाये."

यंदा दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तिला लेक खुशबू अन् जावई हेमराज आले. दुपारी जेवणं झाली अन् खुशबूनं टीव्हीवर दादावाली लावली. वाक्य आलं. सासरा-जावई दोघांनी एकदम म्हटलं. यादोराव उठायला गेला, पण जावयाला एकटं टाकून कसं जाणार? बसला.

शेवट आला. ज्या पोराला दादानं मारलं, त्याची म्हातारी माय दारात उभी राहते. दादा तिच्याकडे पाहतो, पाहतच राहतो. मग उठतो, तिला त्या खुर्चीवर बसवतो अन् स्वतः खाली तिच्या पायाशी बसतो. पोलीस येतात तेव्हा तो तिथंच असतो.

यादोराव सवयीनं टकटक करत होता. आनंदाबाई चहा ठेवायला उठत होती. माझा पाय मुठीत होता, पण गुडघा काही उचलेना. ती तशीच अर्धी अडकली. डोईवर जावयासाठी पदर.

"अवो," ती म्हणाली, "काय टकटक करून राहिले? उठा."

"कायले?"

"तुमचा दादा उठला न? मंग तुमी कायले बसून? मले खाली बसवत नाही आता."

"जावई हायेत समोर, खुशबूची माय."

"हायेत तं पाहू द्या."

हेमराज हळूच म्हणाला, "मामाजी, फिल्ममधी तं असंच हाये." खुशबूनं तोंडाला ओढणी लावली.

यादोरावाचं बोट थांबलं. मला वाटलं, ओरडतो आता. पण तो खाली पाहत होता, तिच्या मुठीकडे, माझ्या पायाकडे. पहिल्यांदा. मग उठला, तिच्या काखेत हात घातला अन् तिला वर घेतलं.

ती बसली. तिचे पाय भुईला टेकेनात. मी दादाच्या उंचीची ना! हेमराज म्हणाला, "आई, पाय कापून आणू काय हिचे?"

"खबरदार! थो पाट सरकवा इकडं."

यादोरावानं पाट तिच्या पायाखाली सरकवला. ज्यावर जन्म काढला, त्यावर तिनं पाय ठेवले. पदर सारखा केला. मग माझ्या हातावर बोट वाजवलं, टकटक.

"च्या ठेवा."

अन् तो गेला हो चुलीकडे! साखर कुठं आहे ते विचारत परत आला, पण गेला.

आता माझा एक सांधा कुरकुरतो, पण मला कोणाची दया नको. जाता जाता एवढंच सांगते. घरी गेलात की खाली वाका अन् तुमच्या खुर्चीचे पाय पाहा. एखादा चमकत असेल, तर तुम्ही उठा.