आज दादा पडले

चाक जमिनीला टेकलं की पहिला फोन मला. बायकोची ही एकच अट होती, आणि तेवढ्यावर त्याचे नऊ वर्षांचे रविवार सुखाने चालले होते.

त्या रविवारी चारच्या सुमारास वर नेणारी गरम हवा एकाएकी संपली आणि ग्लायडर खाली येऊ लागलं. क्लबचं मैदान साठ किलोमीटर मागे. इंजिन नाही, म्हणजे दुसरी संधीही नाही. त्याने कापणी झालेलं एक लांबलचक शेत हेरलं, आड येणाऱ्या तारा नाहीत ना ते पाहिलं, देवाचं नाव घेतलं. आणि निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं देवाने त्याला अलगद खाली ठेवलं.

पुढचं सगळं त्याने शिकवल्याबरहुकूम केलं. ग्लायडर वाऱ्याला आडवं वळवलं, वाऱ्याकडचा पंख जमिनीला टेकवून त्यावर पॅराशूटचं ओझं ठेवलं. असं कलंडलेलं ग्लायडर लांबून पाहणाऱ्याला अपघातच वाटतो; म्हणून काचेच्या आतून कागद लावला: ‘वैमानिक सुखरूप आहे. काळजी नसावी.’

मग फोन काढला. दिवसभर नकाशा दाखवून त्याचा जीव दोन टक्क्यांवर आला होता. फार तर एक फोन होणार. बायकोला? पण ट्रेलर आणणार क्लबचे लोक, आणि उजेड आहे तोवर पंख सोडवायला हवेत. त्याने क्लबच्या मेकॅनिकला लावला, ठिकाण सांगितलं, ‘‘आणि घरी कळव रे,’’ म्हणेपर्यंत फोनने मान टाकली.

शेताची मालकीण पाणी घेऊन आली. ‘‘घरी बोलायचंय का? घ्या माझा फोन.’’

‘‘कळवलंय, ताई.’’ तसा बायकोचा नंबर पाठ तरी कुठे होता! मग चहा पीत, आपण कसे अचूक उतरलो ते तो तिला रंगवून सांगत बसला.

मेकॅनिकने कळवलं. माणूस सोन्यासारखा, पण क्लबच्या बोलीत मुरलेला. मैदानाबाहेर उतरण्याला ही मंडळी ‘पडणं’ म्हणतात. ‘‘काय, कुठे पडलास?’’ ‘‘मक्यात!’’ की टाळ्या, की हशा.

‘‘वहिनी, आज दादा पडले,’’ तो घाईघाईने म्हणाला. ‘‘शेतात. तुम्ही येऊ नका, आम्ही ट्रेलर घेऊन निघालोय आणायला.’’ आणि फोन मागच्या सीटवर टाकून गाडी हाणली. तिथे तो एकवीस वेळा वाजला.

सात वाजता तो घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत शेजारी गोळा झालेले. त्याला बघून कोणीतरी किंचाळलं. मग एकेक करून सगळे निघून गेले. बायको खुर्चीत बसली होती. शेजारच्या खुर्चीवर त्याचा लग्नातला कोट, ब्रश मारून ठेवलेला.

‘‘अगं, कुठे लग्नाला निघालीस की काय?’’ तो हसत म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला उमगलं. हसू तोंडातच राहिलं.

‘‘तीन तास मी विधवा होते,’’ ती म्हणाली. ‘‘हा तुम्हाला शेवटचा घालायला काढला. लेकीलाही सांगून झालं. बाबांना दुखलं असेल का, म्हणून विचारत होती.’’

‘‘अगं, त्या गाढवाने भलताच शब्द वापरला. मी त्याला नीट सांगितलं होतं...’’

‘‘त्याला सांगितलं होतंत.’’

त्याच्या वरच्या खिशातून कागद डोकावत होता. तिने ओढून वाचला. ‘‘हे कोणासाठी?’’

‘‘येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. उगाच कोणी घाबरू नये म्हणून...’’

‘‘बरं केलंत. त्यांना वेळेवर कळवलंत.’’

‘‘पुढच्या रविवारी नाही जात मी.’’

‘‘जा ना अहो. खुशाल जा. फोनही करू नका, अट सुटली. माझं रडून झालंय.’’

तिने कोट उचलला. कपाट उघडंच होतं, पण तिथवर ती गेली नाही. दारामागच्या खुंटीला, चटकन हाताशी यावा असा, तिने तो टांगला.