अर्धं पाऊल मागे

हॉरेस पेटिफर्डने खाली न पाहता अर्धं पाऊल मागे घेतलं. त्याच्या दोन बाजूंना उभे असलेले वेंडेल आणि क्लीऑनही तेवढेच मागे सरकले. पुढे ल्युशस टार्व्हर माइकला बिलगून, डोळे अर्धवट मिटून गात होता. बाल्टिमोरच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरचं ते थिएटर दुपारच्या खेळालाही भरलेलं होतं. पहिल्या रांगेतल्या हिरव्या टोपीच्या एका बाईचा पंखा हलायचा थांबला आणि तिने रुमाल डोळ्यांना लावला.

'हार्बरटोन्स'चे हे चौघे पोरवयापासून एकाच माइकवर गात आले होते. कोणाचा आवाज किती ऐकू यायला हवा, ते त्यांच्याकडे पायांवर ठरायचं. मुख्य गाणारा पुढे, बाकीचे तिघे त्याला खेटून अर्धवर्तुळात. ज्याची ओळ येईल त्याने झुकायचं, संपली की मागे व्हायचं. हॉरेसचा खर्ज मोठा भक्कम. हा बाबा जरा जास्त पुढे आला तर बाकीच्यांचं पीठ होईल, असं क्लीऑन म्हणायचा.

वसंतात, ईस्टरच्या आठवड्यात हॉरेस पहिल्यांदा मागे सरकला होता. ल्युशसला पडसं झालेलं दिसतंय, आपल्याखाली त्याचा आवाज दबायला नको, एवढाच साधा विचार. दुसऱ्या दिवशी वेंडेल सरकला. मग क्लीऑन. यावर तिघांत एका शब्दाचंही बोलणं झालं नाही. ते मागे गेले की थिएटरचा माणूस आवाजाचं बटण वर चढवायचा आणि ल्युशस पूर्वीसारखा दणदणीत ऐकू यायचा. लोकांना ऐकू यायचा, आणि स्वतः ल्युशसलाही. आता सप्टेंबर उजाडला होता. पडसं काही जायचं नाव घेत नव्हतं, आणि तिघे मागे मागे चालले होते.

"पाहिलंत?" रंगपटात आल्यावर ल्युशस मान पुसत म्हणाला. "ती हिरव्या टोपीवाली चक्क रडत होती. अजून दम आहे बरं का आपल्यात!"

"ती तुझा सूट बघून रडत होती," क्लीऑन म्हणाला. "माझ्या आजोबांना असाच सूट घालून पुरलं होतं."

सगळे हसले. ल्युशसही हसला, पण त्याचं हसणं मध्येच खोकल्यात गेलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून तो वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. सरळ झाल्यावर त्याने खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. हल्ली टायच्या गाठीमागे सदऱ्याचं वरचं बटण उघडंच असायचं. ल्युशससारख्या नीटनेटक्या माणसाचं असं उघडं बटण हॉरेसला आरशात दिसलं.

"ल्युशस, तुझा घसा..."

"घशाला काय झालंय?" ल्युशस आरशातूनच म्हणाला. "आत्ता माझ्या मागेच उभा होतास ना?"

"होतो."

"मग सांग की. कमी पडला का आवाज कुठे?"

वेंडेल उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. क्लीऑनला एकाएकी सिगारेट पेटवायची आठवण झाली.

"नाही," हॉरेस म्हणाला. "आवाज काय, आहे तसाच आहे."

त्यालाही कारण होतं. त्यांचं एकच गाणं चाललं होतं, आणि तेही सहा वर्षांपूर्वी. तेव्हा प्रत्येक नाक्यावरचे पोरगे त्यांची नक्कल करायचे. मग दिवस पालटले. चौघांनी गोड गळ्याने प्रेयसीच्या खिडकीखाली गायचे दिवस गेले. लोकांना आता प्रेमगीतातही प्रार्थनेच्या वेळचा टाहो हवा होता, एका माणसाचा, काळीज फाडून घातलेला. तसा टाहो ल्युशसच्या गळ्यात जन्मजात होता. त्याच्या आईच्या, मदर टार्व्हरच्या चर्चमध्ये, तिच्या मांडीवर बसूनच त्याने तो उचलला होता. रेकॉर्ड कंपनीने शेवटची संधी दिली होती: पुढच्या शुक्रवारी न्यूयॉर्कला एक गाणं. लागलं तर लागलं, नाहीतर चौघांनी पोलादाच्या कारखान्यात परत जावं. अशा वेळी तोंड उघडून अपशकुन कोण करणार?

रविवारी चर्च सुटल्यावर चौघेही ल्युशसच्या आईकडे जेवायला गेले. मदर टार्व्हर म्हणजे चर्चमध्ये पहिल्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसणाऱ्या, सगळे ज्यांना मानाने 'मदर' म्हणतात अशा म्हाताऱ्या बायांपैकी. पोराने देवाची गाणी सोडून बाजारची गाणी धरली तेव्हा वर्षभर ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. आता मात्र त्याच्या ताटात सगळ्यांत आधी वाढायची. तळलेली कोंबडी होती, डुकराच्या हाडकात शिजवलेली पालेभाजी होती, मक्याचा पाव होता. ल्युशसने पाव रश्शात पार लगदा होईपर्यंत बुडवला आणि चमच्याने खाल्ला. कोंबडीचा तुकडा ताटात या कडेचा त्या कडेला करत राहिला.

"कोंबडी काय नुसती फिरवायला वाढली आहे का?" आई म्हणाली.

"पोट भरलंय, आई."

"सकाळी चर्चमध्ये तोंड उघडलं नाहीस ते? तेव्हाही पोट भरलेलं होतं?"

"शुक्रवारसाठी आवाज राखून ठेवतोय गं."

जेवणं झाल्यावर वेंडेल ताटं उचलायला उठला, तर त्याला तिने खाली बसवलं आणि हॉरेसला म्हणाली, "तू चल रे जरा बाहेर. माझी खुर्ची धर."

दारासमोरच्या संगमरवरी पायऱ्या तिने आदल्या दिवशीच घासल्या होत्या. त्या पायऱ्यांशेजारी खुर्ची टेकवून ती बसली, आणि हॉरेस पायरीवर. रस्त्यापलीकडे कोणाच्या तरी रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू होता.

"त्याच्या बापाचं असंच झालं होतं," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "आधी चर्चमध्ये गायचा थांबला. मग मांस खायचा थांबला. मग कॉलर घट्ट होते म्हणायला लागला. पुढचं तुला ठाऊक आहे, शवपेटी उचलायला तुझा बाप होता."

हॉरेसला ते ठाऊक होतं. तो दहा-अकरा वर्षांचा असेल तेव्हा. पेटी फार हलकी लागली, असं बाप घरी येऊन म्हणाला होता.

"मंगळवारचं डॉक्टरांचं ठरवून ठेवलंय मी. आपल्या चर्चचेच आहेत. पण तो म्हणतो, जाणार नाही. म्हणतो, डॉक्टर गाऊ नकोस म्हणतील आणि शुक्रवार बुडेल." तिने मान वळवली. "माझे कान आता म्हातारे झाले. तू त्याच्या शेजारी उभा असतोस. आवाज जागेवर आहे ना रे?"

हॉरेसला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. आम्ही तिघं किती मागे सरकलोय ते सांगावं. पण आतून ल्युशसचा हसण्याचा आवाज आला आणि त्याच्या डोळ्यांपुढे शुक्रवार उभा राहिला. एवढं एक गाणं होऊन जाऊ दे, मग आपणच त्याला मानगुटीला धरून डॉक्टरकडे नेऊ.

"ठणठणीत आहे, मदर टार्व्हर. तुम्ही काळजी नका करू."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. फारच वेळ बघितलं. मग त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि आत हाक दिली, "ल्युशस, हॉरेस म्हणतोय आवाज ठणठणीत आहे."

"मग मी इतके दिवस काय सांगत होतो?" ल्युशस आतून म्हणाला. "मंगळवारचं रद्द कर."

न्यूयॉर्कमधली रेकॉर्डिंगची खोली उंच छताची आणि थंडगार होती. वादक आधीच येऊन बसले होते. यंत्रावरचा गोरा माणूस सभ्य होता, चारचारदा 'मिस्टर टार्व्हर' म्हणत होता. त्याने ल्युशसला काचेच्या एका खोक्यासारख्या खोलीत नेलं आणि त्याच्यापुढे स्वतंत्र माइक ठेवला. बाकीच्या तिघांना भिंतीकडे दुसरा माइक दिला. आता हॉरेस कितीही मागे सरकला असता तरी त्याचा काही उपयोग नव्हता. काचेपलीकडे ल्युशसने त्याला डोळा मारला.

गाणं सुरू झालं. ढोल, पितळी वाद्यं, सगळं जोरात. ल्युशसचा टाहो जिथे उठायचा तिथे यंत्रवाल्याने हात वर करून गाणं थांबवलं.

"मिस्टर टार्व्हर, माइकच्या जरा जवळ येता का?"

ल्युशस जवळ आला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबलं.

"आणखी थोडं जवळ?"

"आणखी जवळ म्हणजे मी गिळूनच टाकीन त्याला," ल्युशस म्हणाला. वादक हसले. "तुमच्या यंत्रातच काहीतरी गडबड आहे, साहेब. काल-परवापर्यंत दीड हजार लोक ऐकत होते मला."

यंत्रवाल्याने झालेला तुकडा मोठ्याने लावला. ढोल वाजले, पितळी वाद्यं वाजली, तिघांचा कोरस आला, आणि त्यांच्या मधोमध कोणीतरी खरवडल्यासारखा श्वास ओढत होतं. त्या श्वासात शब्द होते, सूर नव्हता. वादकांनी आपापल्या वाद्यांकडे बघायला सुरुवात केली.

ल्युशस काचेच्या खोलीतून बाहेर आला. तो चिडला असता तर हॉरेसला बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, "तिघंही इकडे या. या एका माइकवर. थिएटरात उभे राहतो तसे."

ते आले. पायांना सवय असते. डोक्याला काही कळायच्या आत ते आपापल्या जागा घेतात. ल्युशस माइकपाशी उभा राहिला आणि त्याने न वळता कोपर मागे मारलं. पूर्वी हे कोपर गाताना हटकून हॉरेसच्या बरगडीत बसायचं, त्यावरून दोघांची भांडणंही झाली होती. आज ते कशालाच लागलं नाही. मग त्याने हात सरळ मागे लांब केला, बोटं पसरली. तीही कोणाला लागली नाहीत.

तो वळला. तिघे त्याच्यापासून इतके लांब उभे होते, की मध्ये एखादी खाट मावली असती.

"कधीपासून?"

क्लीऑन छताकडे बघत होता. वेंडेलचे डोळे भरून आले होते.

"ईस्टरपासून," हॉरेस म्हणाला. "तुला पडसं झालं होतं. मला वाटलं, दोन दिवस..."

ल्युशसने टाय सैल केला. हॉरेसचा हात धरून त्याने तो आपल्या गळ्यावर, कॉलरच्या आत ठेवला. तिथे कातडीखाली काहीतरी घट्ट होतं, सुपारीएवढं, आणि दाबलं तरी हलत नव्हतं.

"ईस्टरला हे हाताला लागायचंसुद्धा नाही," ल्युशस म्हणाला. "रोज सकाळी वाटायचं, आज दाखवून यावं. आणि रोज गायला उभा राहिलो की वाटायचं, आवाज तर जागच्या जागी आहे, मग डॉक्टर कशाला? गाणाऱ्याचा घसा गेला तर सगळ्यांत आधी आवाजाला कळेल ना? असा मी हिशेब करत होतो."

हॉरेसला हात मागे घेता येईना. आपण त्याची लाज राखली असं त्याला इतके महिने वाटत होतं. खरं तर ज्या एका गोष्टीने ल्युशसला वेळेवर भीती वाटली असती, तीच त्यांनी त्याच्यापासून लपवली होती, आणि तेही मायेने.

ल्युशसनेच त्याचा हात खाली केला. "आईला फोन कर," तो म्हणाला. "मला नाही जमणार. तुझं ती खरं मानते."

बाहेर बोळकांडीत भिंतीवर फोन होता. बाल्टिमोरला लागायला वेळ लागला. मग पलीकडून मदर टार्व्हरचा आवाज आला, अगदी फोनशेजारीच बसून असल्यासारखा.

"झालं का रे गाणं?"

"नाही झालं." हॉरेसने कपाळ भिंतीला टेकवलं. "मदर टार्व्हर, रविवारी मी तुमच्याशी खोटं बोललो. त्याचा आवाज... आवाज नाही राहिला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ठाऊक होतं मला," म्हातारी म्हणाली. "वेंडेलला विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. ते ऐकायचं धाडस नव्हतं मला, म्हणून तर तुला विचारलं."

मग तिने विचारलं, बाल्टिमोरला येणारी गाडी किती वाजता आहे.