मामाची साक्ष

नुसतं गरीब असून भागत नव्हतं, हीच तर भाचीची पंचाईत होती. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना खोलीभाड्यासाठी आणि जेवणखाणासाठी विद्यापीठ मदत द्यायचं, पण अचानक संकट कोसळलं असेल तरच. आधीपासूनच हातातोंडाची गाठ पडत नव्हती तर आलात कशाला, असा त्या नियमाचा रोख. प्रवेशाच्या वेळी मामाने बँकेतली शिल्लक दाखवून, भाचीचा राहण्याचा खर्च मी करीन म्हणून सही ठोकली होती. त्यामुळे आता त्या मामाचंच काहीतरी वाईट व्हायला हवं होतं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, शर्ट शिवणारा मास्तर. बाजारात स्वतःचं दुकान, हाताखाली दोन कारागीर, आणि कोणापुढे हात पसरायचा नाही हा बाणा. सुरुवातीला पैसे न चुकता यायचे. मग मामा अडखळायला लागला. आधी "पुढच्या आठवड्यात नक्की गं", मग "गिऱ्हाइकाकडे अडकलेत", आणि शेवटी नुसतंच "बघतो". भाची मनातून फणफणायची. सही करायला पुढे आणि पैसे द्यायच्या वेळी मागे! मामीने कान फुंकले असणार, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. इकडे ती सकाळ-संध्याकाळ ब्रेडवर काढत होती, आणि महिनाअखेरपर्यंत थकलेलं भाडं दिलं नाही तर खोली सोडा, असं घरमालकाने बजावलं होतं. खोली गेली की शिक्षण गेलं, आणि मग परत जायचं ते कोणत्या तोंडाने?

शेवटी तिने फोन लावला.

"मामा, तुमचं दुकान बंद पडलं असं सांगायचंय."

मामाने पलीकडून विचारलं, "कोणाला?"

"इथल्या मदत कक्षातल्या बाईंना. त्या व्हिडिओवर तुमच्याशी बोलणार आहेत. तुम्ही आपल्या भाषेत बोला, मी त्यांना सांगेन. थोडा वेळ नाटक करायचं, बस्स."

"म्हणजे त्या बाईंना मामा बनवायचं," मामा म्हणाला. "मग त्याला खरा मामाच लागणार की!"

भाचीला हसू फुटलं. हसता हसता तिने सूचनाही देऊन टाकल्या. "आणि इस्त्रीचा शर्ट घालू नका हं. जुना, विटलेला घाला. चेहरा जरा पाडून बसा." ज्याने हिच्या शाळेचा पहिला गणवेश शिवला, त्याला ही दीडशहाणी गरीब कसं दिसायचं ते शिकवत होती.

ठरल्या दिवशी ती मदत कक्षातल्या खुर्चीत अंग चोरून बसली. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, म्हणजे इथे रडायची सोय होती. बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि मामा दिसला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट! भाचीने दात-ओठ खाल्ले. सगळं मुसळ केरात घालणार हा माणूस.

मामाने हात जोडले. "बाई, दुकान गेलं. समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं. लोकांनी शर्ट शिवणं सोडलं, नुसत्या पँटी आखूड करायला यायला लागले. आधी एका कारागिराला घरी बसवलं, मग दुसऱ्याला. दुसरा जाताना पाया पडला. मला त्याच्याकडे बघवेना."

काय रंगवतोय, भाचीला वाटलं. सांगताना तिने आपल्या आवाजात थोडा कंपही घातला.

"मग मशीन विकलं. वडिलांचं होतं. घेणाऱ्याने ते हातगाडीवर आडवं टाकलं. मी म्हटलं, उभं न्या हो, तेल सांडेल."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे भाचीला कधी सांगितलंत?" त्यांनी विचारलं, आणि भाचीने तो प्रश्न जसाच्या तसा मामापुढे ठेवला.

"सांगितलंच नाही," मामा खाली बघत म्हणाला. "तिची परीक्षा होती. परीक्षा झाली, तेव्हा लाज वाटायला लागली. सही करताना छाती फुगवून केली होती ना."

हे सांगताना भाचीची जीभ जरा अडखळली. मामाला इतकं नाटक कधी जमायला लागलं?

"आता काय काम करता?" बाईंनी विचारलं.

मामाने तोंड उघडायच्या आत त्याच्या मागून कोणीतरी ओरडलं, "ए मास्तर! फोन ठेव की आता. ती काजं काय मी करू?"

मामा स्टुलावरून ताडकन उठला. "आलो शेठ, झालंच." ज्याला अख्खा बाजार अहो-जाहो करायचा तो माणूस, पोरसवदा आवाजाला शेठ म्हणत होता. त्याच्या मागची भिंत त्याच्या दुकानातली नव्हतीच. भाचीने ती आत्ता नीट पाहिली.

"काय म्हणाले ते?" बाई विचारत होत्या.

"दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातात," भाची म्हणाली. आता आवाजात कंप घालावा लागला नाही. मामीच्या नावाने मोडलेली बोटं, फणफणत ठेवलेले फोन, सगळं एकदम आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली.

बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "भाड्याचं आणि जेवणाचं आम्ही बघू. आणि त्यांना सांग, मदत मागण्यात लाज कसली?"

मदत मागितली होती कोणी? त्याने तर तोंडातून ब्रही काढला नव्हता. हे वाक्य त्याला सांगायला तिची जीभ रेटेना.

"मामा, मदत मिळणार आहे," ती कशीबशी म्हणाली.

"बरं झालं गं!" मामाचा चेहरा उजळला. "पण बाई अजून काहीतरी म्हणाल्या ना?"

"म्हणाल्या..." भाचीने नाक पुसलं. "शर्ट छान आहे म्हणाल्या."

मामाने ओशाळून कॉलर चाचपली. "रागावू नकोस. तू जुना घाला म्हणाली होतीस, ते लक्षात होतं. जुनेच घालतो गं रोज. पण आज तुझ्या विद्यापीठात यायचं होतं ना."